दीड तासाच्या गाडीला अर्धा दिवस

इटलीची सहल घरी बसून आखायला घेतली की पहिली भुरळ पडते ती वेगाची. रोम ते फ्लॉरेन्स दीड तास, फ्लॉरेन्स ते बोलोन्या ३७ मिनिटं, रोम ते नेपल्स सव्वा तास. डेक्कन क्वीन मुंबईहून पुण्याला जेवढ्या वेळात पोचते, साधारण तेवढ्याच वेळात इथली वेगवान फ्रेच्चारोस्सा गाडी मिलानहून रोम गाठते. अंतर मात्र जवळपास तिप्पट. साहजिकच वहीतली शहरांची यादी लांबत जाते. दहा दिवसांत मिलान, व्हेनिस, फ्लॉरेन्स, पिसा, रोम, नेपल्स आणि जमलंच तर समुद्रकाठच्या चिंक्वे तेर्रेचा एक दिवस. कागदावर हे सगळं बसतं. सोबत सहा वर्षांची मुलगी, अडीच वर्षांचा मुलगा, बाबागाडी आणि तीन बॅगा असल्या की बसत नाही.

कारण हिशेब चुकीच्या ठिकाणी सुरू झालेला असतो. रोममधली खोली सकाळी दहाच्या सुमाराला सोडायची. त्याआधी वाळत घातलेले कपडे, पलंगाखाली गेलेली खेळणी आणि औषधांची पिशवी गोळा करायची. मग टॅक्सी, स्थानकावर अर्धा तास, गाडीत दीड तास, फ्लॉरेन्सला पुन्हा टॅक्सी किंवा दगडी फरसबंदीवरून खडखडत नेलेल्या बॅगा. नव्या हॉटेलातली खोली दुपारी दोन-तीनच्या आधी ताब्यात येत नाही. तोवर सामान तिथे ठेवायचं आणि भुकेल्या मुलांना कुठेतरी खायला घालायचं. दीड तासाच्या गाडीनं अर्धा दिवस खाल्ला, आणि त्यातला गाडीतला भागच सगळ्यांत सोपा होता. इटलीत मुलांना घेऊन फिरताना शहरं किती हा प्रश्न दुय्यम आहे. मुक्काम किती वेळा हलवायचा, हे आधी ठरवावं. दहा दिवसांत तीनदा पुरे. मुलं पाच वर्षांच्या आतली असतील तर दोनदाच.

देशाचा रेल्वेचा नकाशा या बाबतीत मदतीला येतो. तोरिनो, मिलान, बोलोन्या, फ्लॉरेन्स, रोम, नेपल्स आणि सालेर्नो ही शहरं एकाच वेगवान मार्गाच्या कण्यावर ओळीनं बसली आहेत. व्हेनिसचा फाटा बोलोन्यातून निघतो. या कण्याचा सगळ्यांत जुना भाग म्हणजे रोम-फ्लॉरेन्सची ‘दिरेत्तिस्सिमा’. तिचा पहिला टप्पा फेब्रुवारी १९७७ मध्ये खुला झाला, म्हणजे फ्रान्सच्या प्रसिद्ध टीजीव्हीच्याही आधी. पण पूर्ण व्हायला १९९२ उजाडलं, त्यामुळे पहिलेपणाचं श्रेय बहुतेकांच्या लक्षातून गेलं. मिलान-बोलोन्या मार्ग २००८ च्या अखेरीला आला आणि बोलोन्या-फ्लॉरेन्स त्यानंतर वर्षभरानं.

विमानाचं तिकीट काढतानाच या कण्याचा विचार केला तर पुढचं बरंच सोपं होतं. मिलानला उतरून रोमहून परतायचं, किंवा उलट. उतरलेल्या शहरात फक्त विमानासाठी परत जाण्यात एक अख्खा दिवस वाया जातो. मधल्या मुक्कामासाठी पर्यटक सहसा फ्लॉरेन्स निवडतात, पण मुलांसोबत बोलोन्याचा विचार जरूर करावा. तिथून मोदेना, पार्मा, फेर्रारा ही गावं साध्या गाडीनं तासाभराच्या आत आहेत, फ्लॉरेन्सला सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं आणि व्हेनिसही दीड तासावर आहे. मोदेना स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर एन्झो फेरारी संग्रहालय आहे. चार दिवस चर्चची भित्तिचित्रं पाहिलेल्या दहा वर्षांच्या मुलाला त्या लाल गाड्यांसमोर उभं करणं म्हणजे आई-बाबांनी फेडलेलं कर्जच. शिवाय बोलोन्याच्या रस्त्यांवर मैलोन् मैल कमानींचे व्हरांडे आहेत. ऊन असो की पाऊस, बाबागाडी सुखानं चालते.

आता तिकिटं. वेगवान मार्गावर दोन कंपन्या धावतात. एक सरकारी त्रेनितालिया, तिच्या सर्वांत वेगवान गाड्या म्हणजे फ्रेच्चारोस्सा. दुसरी खासगी इटालो, एप्रिल २०१२ पासून त्याच रुळांवर. दोन्हींचा प्रत्यक्षातला कमाल वेग ताशी ३०० किलोमीटर, आणि डब्यातल्या सोयींत मुलांना जाणवेल असा फरक नाही. भाडं मात्र विमानासारखं हलतं: लवकर काढलं तर स्वस्त, आदल्या दिवशी काढलं तर दुप्पट-तिप्पट. त्रेनितालियात साधारण तीन पायऱ्या आहेत. ‘बेस’ तिकीट महाग, पण बदलता येतं आणि काही रक्कम कापून परतही करता येतं. ‘इकॉनॉमी’ मध्ये सवलत थोडकी. ‘सुपर इकॉनॉमी’ सर्वांत स्वस्त. ती गाडी चुकली की पैसे गेले.

मुलांचं भाडं या तीन पायऱ्यांमध्ये अडकलेलं आहे, आणि इथे बहुतेक पालक फसतात. चार वर्षांखालचं मूल मांडीवर बसलं तर फुकट. त्यापुढे पंधरा वर्षं पूर्ण होईपर्यंत बेस भाड्याच्या निम्मं. मुलं मोफत नेणाऱ्या कौटुंबिक योजनाही दोन्ही कंपन्यांकडे आहेत, पण त्यांच्या अटी, जागांची मर्यादा आणि वयाच्या रेषा वेगळ्या, आणि त्या अधूनमधून बदलतातही. मोफत हा शब्द दिसला की बोट आपोआप त्याच बटणाकडे जातं. समजा, एका फेरीचं बेस भाडं माणशी ६० युरो आहे आणि सुपर इकॉनॉमी २५ युरोंना मिळतंय. दोन मोठे आणि दोन मुलं ‘मुलं मोफत’ योजनेत बेस भाड्यानं गेली तर १२० युरो. चौघांनाही सुपर इकॉनॉमीची साधी तिकिटं काढली तर १००. मोफत प्रवास वीस युरोंनी महाग पडला. अर्थात त्या १२० मध्ये गाडी बदलण्याची मुभा आहे, आणि ताप आलेल्या मुलासोबत तिची किंमत वीस युरोंहून जास्त ठरू शकते. दोन्ही बेरजा मांडून मगच पैसे भरावेत.

मांडीवरच्या फुकट प्रवासाचंही तसंच. रोम-नेपल्स सव्वा तास तीन वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन निभावतं. रोम-व्हेनिस चार तास निभावत नाही. तिथे त्याची स्वतंत्र जागा विकत घ्यावी.

युरेल पासचा मोहही तपासून घ्यायला हवा. चार ते अकरा वर्षांच्या मुलांचा पास मोठ्यांबरोबर मोफत मिळतो, एका मोठ्या माणसामागे दोन मुलं. ऐकायला छान. पण फ्रेच्चारोस्सात पास असला तरी आरक्षणाचे पैसे प्रत्येकाला वेगळे भरावे लागतात, आणि साध्या गाड्यांची तिकिटं मुळातच स्वस्त असतात. फक्त इटलीत, दोन-तीन लांब फेऱ्यांसाठी पास क्वचितच परवडतो. जर्मनीत किंवा नेदरलंड्समध्ये नोकरीला असलेलं मराठी कुटुंब चार देश जोडून फिरत असेल तर गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी युरोपातल्या रहिवाशांचा इंटररेल पास असतो.

स्थानकावरचा गोंधळ मात्र पैशांनी सुटत नाही. रोमच्या तेर्मिनी स्थानकात फलकावर ‘फिरेन्झे’ शोधत उभी असलेली कुटुंबं रोज दिसतात. फ्लॉरेन्सला जाणाऱ्या गाडीवर लिहिलेलं असतं मिलान, व्हेनिस किंवा तोरिनो, कारण फलक शेवटचं स्थानक दाखवतो. तिकिटावरचा गाडी क्रमांक हीच खरी खूण. वाचायला शिकलेल्या मुलाकडे ते काम सोपवलं तर मूलही गुंततं आणि कामही होतं. फलाटाचा क्रमांक गाडीच्या जेमतेम दहा-वीस मिनिटं आधी झळकतो आणि मग शेकडो माणसं एकदम हलतात. तेर्मिनी आणि मिलानो चेंत्राले इथे फलाटाआधी फाटकं आहेत, तिकीट दाखवल्याशिवाय आत सोडत नाहीत. म्हणून सगळ्यांची तिकिटं एकाच फोनमध्ये असलेली बरी. गाडीची दारं वेळेच्या थोडी आधीच बंद होतात. ‘मी पुढे होऊन जागा धरतो, तू मुलांना घेऊन ये’ ही मुंबईतली विद्या इथे चालवू नये. जागा आरक्षितच असतात. आधी मुलं चढवावीत, मग बॅगा.

एकाच शहरात दोन-तीन स्थानकं असणं हा दुसरा सापळा. व्हेनिसचं पाण्याकाठचं स्थानक सांता लुचिया, तर मेस्त्रे हे खाडीअलीकडचं. नेपल्ससाठी ‘नापोली चेंत्राले’ हवं. झाहा हदीद यांनी आराखडा केलेलं, २०१७ मध्ये सुरू झालेलं आफ्रागोला देखणं असलं तरी शहराबाहेर आहे. फ्लॉरेन्सचं मुख्य स्थानक सांता मारिया नोव्हेल्ला. बोलोन्यात स्थानक एकच, पण वेगवान गाड्यांचे १६ ते १९ क्रमांकांचे फलाट जमिनीखाली वीसेक मीटरवर आहेत. लिफ्ट आहे, तरी बाबागाडीसह वरून खाली पोचायला दहा मिनिटं हाताशी ठेवावीत. याच स्थानकाच्या बाहेरच्या भिंतीवरचं एक घड्याळ कायम १० वाजून २५ मिनिटं दाखवतं. ते बिघडलेलं नाही. २ ऑगस्ट १९८० रोजी त्या वेळी इथल्या प्रतीक्षालयात बॉम्बस्फोट झाला आणि ८५ माणसं गेली. मोठी मुलं त्याबद्दल विचारतात.

एकदा गाडीत बसलं की आई-बाबांना श्वास घ्यायला सवड मिळते. टेबलाभोवतीच्या चार समोरासमोरच्या जागा तिकीट काढतानाच निवडाव्यात. चित्रं रंगवायला, पत्ते खेळायला आणि डबा उघडायला त्याच सोयीच्या. फ्रेच्चारोस्साच्या बिझनेस वर्गात शांततेसाठी राखलेला एक भाग असतो. स्वस्तात मिळाला म्हणून त्यात दोन वर्षांच्या मुलासह बसणं ही सगळ्या डब्यालाच शिक्षा. जेवण न्यायला कोणाची हरकत नसते. इटालियन कुटुंबंही पानिनी बांधून आणतात, तिथे आपले ठेपले किंवा भडंग निघालं तर कोणी वळूनही पाहत नाही. जिथे हॉटेलची स्वयंपाकघरं संध्याकाळी सातच्या आत क्वचितच उघडतात, तिथे साडेसहाला भुकेनं रडणाऱ्या मुलासाठी हा खाऊ सोबत असलेला चांगला.

वेगवान गाडीची एक बाजू जाहिरातीत नसते: खिडकीतून दिसतं फार थोडं. बोलोन्या आणि फ्लॉरेन्सच्या मधली अपेनाइन पर्वताची ओळ गाडी जवळजवळ सगळी बोगद्यांतूनच ओलांडते. ७८ किलोमीटरपैकी ७३ अंधारात. खिडकीजवळच्या जागेसाठी भांडलेल्या मुलांना काचेत स्वतःचेच चेहरे दिसतात आणि कान तेवढे दडतात.

देखावा हवा असेल तर रेजोनाले, म्हणजे साध्या गाड्या. मिलानहून तिरानोकडे जाणारी गाडी तासाभरात कोमो तळ्याकाठच्या वारेन्नाला पोचते आणि बराच वेळ पाण्याच्या कडेनं धावते. तिरानोपर्यंत अडीच तास गेलं तर पुढे स्वित्झर्लंडची लाल बेर्निना गाडी लागते. ब्रूझियोच्या गोल कमानी पुलावर ती स्वतःभोवतीच वळसा घेते, तेव्हा शेवटच्या डब्यातल्या मुलांना आपलंच इंजिन खिडकीतून दिसतं. ला स्पेझिया ते लेव्हान्तो या पट्ट्यात चिंक्वे तेर्रेची पाच गावं एकमेकांपासून काही मिनिटांवर आहेत: बोगदा, क्षणभर समुद्र, पुन्हा बोगदा. बऱ्याच मार्गांवर आता ‘रॉक’ नावाच्या दुमजली गाड्या आल्या आहेत. वरच्या मजल्यावर बसायला मिळालं की मुलांना बाकी काही लागत नाही.

साध्या गाड्यांचं भाडं ठरलेलं असतं, आदल्या महिन्यात काढलं काय आणि दहा मिनिटं आधी काढलं काय. आरक्षण नसतं, जागा मिळेल तिथे बसायचं. एक नियम मात्र पाळावाच लागतो. कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर छाप घ्यावा लागतो, आणि फोनवरचं तिकीट असेल तर गाडी सुटण्याआधी ‘चेक-इन’ करावं लागतं. ते राहिलं तर तिकीट खिशात असूनही दंड होतो. तपासनीस परदेशी पाहुण्यांना सूट देईलच असं नाही.

व्हेनिसबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण बाबागाडीचा खरा कस तिथे लागतो. सांता लुचियातून बाहेर पडलं की समोर थेट ग्रँड कॅनाल. मुलांसाठी अख्ख्या सहलीतला हा सर्वांत मोठा चमत्कार. पण जवळजवळ प्रत्येक पुलाला पायऱ्या आहेत, आणि नकाशावर चारशे मीटर दूर दिसणाऱ्या हॉटेलपर्यंत तीन पूल निघतात. मुक्काम तिथे करायचाच असेल तर व्हापोरेत्तो बोटीच्या थांब्याला लागून असलेली खोली थोडी महाग पडली तरी घ्यावी. नाहीतर पादोव्हात राहून रोज साध्या गाडीनं अर्ध्या तासात यावं. फक्त दिवसभरासाठी येणाऱ्यांना २०२४ पासून ठराविक तारखांना प्रवेशशुल्क द्यावं लागतं. चौदा वर्षांखालच्या मुलांना ते माफ आहे.

नेपल्सच्या दक्षिणेला उलटा अनुभव येतो. पॉम्पेईसाठी बहुतेक मार्गदर्शक पुस्तकं चिर्कुमवेझुव्हियाना ही स्थानिक गाडी सांगतात. ती उत्खननाच्या एका दाराशीच उतरवते. पण उन्हाळ्यात तिच्यात उभं राहायलाही जागा नसते, आणि त्या दारातून आत गेलं की रोमन दगडांचा उंचसखल चढ सुरू होतो. लहान मुलं असतील तर नापोलीहून त्रेनितालियाच्या साध्या गाडीनं पॉम्पेई गावाच्या स्थानकावर उतरावं आणि अँफिथिएटरकडच्या दारातून आत जावं. तिथून चाकांच्या खुर्च्यांसाठी आणि बाबागाड्यांसाठी आखलेली सपाट वाट सुरू होते. अठरा वर्षांखालच्यांना पॉम्पेईच काय, रोमचं कोलोसियम आणि फ्लॉरेन्सची उफित्सी धरून सगळ्या सरकारी पुरातत्त्व स्थळांत आणि संग्रहालयांत प्रवेश मोफत आहे, मग पासपोर्ट कुठल्याही देशाचा असो. फक्त वेळेचं आरक्षण मुक्काम हलवायच्या दिवशी घेऊ नये.

पॉम्पेईला जाणारी ती साधी गाडी ज्या रुळांवरून जाते त्यांचा आरंभीचा तुकडा म्हणजे इटलीतली पहिली रेल्वे. ३ ऑक्टोबर १८३९ रोजी नापोली ते पोर्तिची अशी ती सुरू झाली. वाटेत पिएत्रार्सा लागतं. तिथे बूर्बों राजा फेर्दिनान्दो दुसरा याच्या काळातल्या कारखान्यात आता राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे: समुद्राकाठच्या शेडांत रांगेनं उभी वाफेची इंजिनं, राजेशाही डबे आणि त्या पहिल्या मार्गावर धावलेल्या ‘बायार्द’ इंजिनाची प्रतिकृती. पर्यटकांच्या यादीत हे नाव क्वचितच असतं. संग्रहालय रोज उघडं नसतं, वार आधी पाहून घ्यावा.

गाड्यांचंच वेड असलेल्या घरासाठी सिसिलीची रात्रगाडी आहे. रोमहून संध्याकाळी निघालेली इंटरसिटी नोत्ते पहाटे व्हिल्ला सान जोव्हान्नीला पोचते. तिथे तिचे तुकडे करून ते जहाजाच्या पोटात ढकलतात आणि अख्खी गाडी मेस्सीनाची सामुद्रधुनी तरून जाते. चौघांनी चार बर्थचा संपूर्ण कप्पा घेतला तर दार लावून घरासारखं झोपता येतं. पालेर्मोला पोचायला बाराएक तास लागतात, आणि वातानुकूलन कधी जास्त तर कधी नसल्यासारखं असतं. चार वर्षांखालच्या मुलासाठी मात्र विमानच बरं.

तारखांच्या बाबतीत महाराष्ट्रातल्या कुटुंबांची थोडी पंचाईत होते. आपली उन्हाळ्याची सुट्टी एप्रिल-मे, आणि इटलीत नेमके त्याच काळात २५ एप्रिल आणि १ मेचे राष्ट्रीय सुट्टीचे दिवस जोडून घेऊन सगळा देश बाहेर पडलेला असतो. जूनमध्ये लगेच २ तारीख. कधी ईस्टरही त्यांना येऊन मिळतो. या आठवड्यांतली वेगवान गाड्यांची तिकिटं विक्रीला येताच काढावीत. दिवाळीच्या सुट्टीत गर्दी ओसरलेली असते आणि भाडीही, फक्त दिवस लहान होतात.

संपाचं वेळापत्रक मात्र कुठल्याच ऋतूला बांधलेलं नसतं. ‘शोपेरो’ आधी जाहीर होतो आणि बहुधा एक दिवसापुरता असतो. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत साध्या गाड्यांची किमान सेवा राखावी लागते; लांब पल्ल्याच्याही काही ठराविक गाड्या सोडल्या जातात. एरवी गाडी एक तासाहून जास्त उशिरा पोचली तर युरोपीय नियमांनुसार भाड्याचा चौथा हिस्सा, दोन तासांहून जास्त उशीर झाला तर निम्मं भाडं परत मागता येतं. अर्ज भरायचं काम आपलं.

काही ठिकाणी रेल्वेचा हट्ट सोडावाच लागतो. तोस्कानाच्या टेकड्यांवरची खेडी आणि दोलोमितीच्या आतल्या दऱ्या भाड्याच्या मोटारीशिवाय मुलांसह बघणं अवघड. अमाल्फीच्या किनाऱ्याला तर रेल्वे नाहीच. बरेचजण सोरेंतोत राहतात आणि वळणावळणाच्या रस्त्यानं बसमधून जाताना मुलांच्या ओकाऱ्या काढतात. लहान मुलं असतील तर सालेर्नोत उतरावं: वेगवान गाडी थेट तिथवर जाते, धक्का स्थानकापासून पाच मिनिटांच्या चालीवर आहे, आणि हंगामात तिथून सुटणारी बोट पाऊण तासाच्या आत अमाल्फीला नेऊन सोडते.